भातखाचराला काडीकचऱ्याचं खत: पाणी भरण्याआधी कुजलेलं हवं

पाटणच्या कोयना खोऱ्यात, जावळीत, महाबळेश्वरच्या उतारांवर किंवा शिराळ्याच्या चरण-आरळा पट्ट्यात भात निघाला की घरामागे तेच ढीग दिसू लागतात. पेंढ्याची गंजी, मळणीचं भुसकट, गिरणीतून आणलेलं तूस आणि गोठ्यातलं खाऊन उरलेलं चघळ. दाणा कणगीत गेला की वर्षाचं पीक घरात आलं असं आपण धरतो. पण खाचरातून त्या हंगामात जे बाहेर आलं, त्याचा मोठा वाटा या ढिगांत असतो.

भात तयार होतं तेव्हा पिकाने मातीतून उचललेल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण ४० टक्के पेंढ्यात असतं. स्फुरदाचा (फॉस्फरसचा) जवळजवळ तिसरा हिस्साही तिथेच असतो आणि पालाश (पोटॅश) तर ८० टक्क्यांहून जास्त. एक टन सुक्या पेंढ्यात ५ ते ८ किलो नत्र आणि १४ ते २० किलो पालाश निघतो. एकरी २० क्विंटल दाणा धरला तर पेंढाही निदान दोन टन होतो, म्हणजे सुमारे ३० किलो पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या पोत्यातही पालाश ३० किलोच असतो, आणि हे पोटॅश आपला देश जवळजवळ सगळं बाहेरून आणतो. एकराच्या पेंढ्यामागे एक पोतं पोटॅश आपल्याच परड्यात पडलेलं असतं, असा हा साधा हिशेब आहे.

पेंढ्यात आणखी एक गोष्ट भरपूर असते, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. ती म्हणजे सिलिका, टनामागे ४० ते ७० किलो सिलिकॉन. भाताचं पान हाताला कापतं ते या सिलिकेमुळे. तिच्यामुळे खोड ताठ राहतं, भात लोळत नाही आणि करपा व खोडकिडा यांना पीक जास्त दाद देत नाही. धुवाधार पावसाने सिलिका वाहून गेलेल्या आपल्या जांभ्या मातीला ती परत मिळणं फार मोलाचं आहे.

एवढं सगळं पेंढ्यात आहे, तर तो तसाच खाचरात गाडला की काम झालं? इथेच बहुतेकांची फसगत होते. जून उजाडला की काडीकचरा टाकायचा, त्यावर पाणी घेऊन चिखल करायचा आणि आठवड्याभरात लावण उरकायची. मग पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडतात, फुटवा धरत नाहीत, आणि माणूस ठरवतो की सेंद्रिय आपल्या रानाला मानवत नाही. खतात खोट नसते, घालायची वेळ चुकलेली असते. ती का चुकते हे कळायला पाण्याखालच्या मातीत काय चालतं ते समजून घ्यावं लागतं.

पाण्याखाली काय घडतं

माळावरच्या रानात मातीच्या कणांमधून हवा खेळते. खाचरात पाणी उभं राहिलं की ती वाट बंद होते आणि मातीत उरलेला प्राणवायू जिवाणू दिवसाभरात संपवून टाकतात. त्यांना जगायचं तर असतंच, म्हणून ते प्राणवायूचं काम दुसऱ्या पदार्थांकडून करून घेतात. आधी नायट्रेट संपतं आणि त्यातलं नत्र वायू होऊन हवेत जातं. मग मँगनीज आणि लोहाची पाळी येते, त्यानंतर गंधकाची. शेवटी मिथेन तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. लावणीनंतर खाचरात पाय टाकल्यावर बुडबुडे वर येतात, त्यांत बराचसा हाच मिथेन असतो.

ही साखळी किती जोरात चालेल हे जिवाणूंना किती खाणं मिळतं त्यावर ठरतं. कच्चा पेंढा म्हणजे त्यांच्यापुढे एकाएकी वाढलेलं मोठं ताट. साखळी धावत सुटते. आपल्या तांबड्या मातीत लोह मुळातच जास्त, ते विरघळून पाण्यात उतरतं आणि भाताच्या पानांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. पेंढा हवेशिवाय कुजताना ॲसिटिक, ब्युटिरिक अशी सेंद्रिय आम्लंही सुटतात. त्यांचा जोर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सर्वांत जास्त असतो, आणि नेमकी तेव्हाच लावलेली रोपं मूळ धरत असतात. घाटमाथ्याजवळ जुलैत ऊन नसतं, पाणी गार असतं. त्यामुळे ही आम्लं लवकर जिरत नाहीत.

याची परीक्षा घ्यायला कुठलंही यंत्र लागत नाही. लावणीनंतर महिन्याभराने एक चूड, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका, मुळासकट हलक्या हाताने उपटावी आणि पाटाच्या पाण्यात धुवावी. मुळं गंजलेल्या तारेच्या रंगाची, तांबूस दिसली तर सगळं ठीक आहे. भाताच्या पानाखोडांतून मुळांपर्यंत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. त्यांतून आलेला प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो आणि तिथल्या लोहाचा गंज मुळावर चढतो. ही मुळाची ढालच. मुळं काळी असतील आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येत असेल, तर हायड्रोजन सल्फाइडने ती गुदमरली आहेत. अशा खाचरातलं पाणी चार-पाच दिवस सोडून द्यावं, माती किंचित भेगाळू द्यावी. आणखी युरिया फेकून त्या मुळांना काहीच फायदा होत नाही.

दुसरा तिढा नत्राचा आहे. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या जेवणात कार्बन ही भाकरी आणि नत्र हे कोरड्यास, म्हणजे कालवण. २५ ते ३० भाग कार्बनामागे एक भाग नत्र मिळालं की त्यांचं जेवण नीट होतं. पेंढ्यात हे प्रमाण ६० ते ८० ला एक असतं, उसाच्या पाचटात १०० ला एक किंवा त्याहूनही कोरडं. नुसती भाकरी समोर आली की जिवाणू शेजारच्या ताटातलं कोरड्यास ओढतात, आणि ते ताट भाताच्या रोपाचं असतं. लावण पिवळी पडण्याचं हे दुसरं कारण. जिवाणू मरतात तेव्हा ते नत्र मातीला परत मिळतं, पण तोवर फुटव्याचे दिवस निघून गेलेले असतात.

हे दोन्ही तिढे आपण जमिनीबाहेर, हवेशीर ढिगात सोडवू शकतो. कचरा तिथेच कुजला, आम्लं तिथेच जिरली, कार्बन-नत्राचं प्रमाण २० ला एकच्या खाली आलं, की तेच खत खाचरात निर्धास्त घालता येतं. कुजणं आणि पाणी भरणं या दोन गोष्टी एकाच महिन्यात येऊ द्यायच्या नाहीत.

“म्हसराला काय घालू, दादा?”

पेंढ्याच्या खताचा विषय काढला की हा प्रश्न हमखास येतो. पाटणच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत एक मावशी मला म्हणाल्या होत्या, “पेंडा रानात घातला तर म्हसराला काय घालू, दादा?” सगळा सल्ला या प्रश्नापाशी अडतो, आणि तो अडायलाच हवा. या भागात पेंढा ही पहिल्यांदा वैरण आहे. उन्हाळा काढायचा असेल तर तो गोठ्यातच गेला पाहिजे, यात वादच नाही.

पण जनावराने पेंढा खाल्ला म्हणजे त्यातला पालाश संपला असं होत नाही. दुधात आणि अंगात फार थोडा राहतो, बाकीचा बाहेर पडतो आणि त्यातला बराच मोठा भाग मुतात असतो. नत्राचाही जवळपास निम्मा वाटा मुतातच असतो. आपण शेण गोळा करतो, मूत मात्र मोरीवाटे परड्यात वाहून जाऊ देतो. म्हशीखाली रोज संध्याकाळी चघळ, तूस, भुसकट किंवा वाळलेला पाला पसरायचा आणि सकाळी भिजलेलं सगळं उचलून ढिगावर टाकायचं. एवढ्या एका सवयीने पेंढा वैरणीलाही पुरतो आणि त्यातला पालाश खाचराकडे परतही जातो. मुतातल्या नत्रामुळे तूस-भुसकटाचं कोरडेपण मोडतं आणि ढीग लवकर तापतो. मावशींच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हे उत्तर पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं.

आता उकिरड्याकडे वळू, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. पालाश पेंढ्याच्या धाग्यात घट्ट बांधलेला नसतो, तो पाण्यात सहज उतरतो. कोयनानगर-महाबळेश्वर भागात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दहा बाय दहा फुटांच्या उघड्या उकिरड्यावर हा पाऊस म्हणजे ४६ हजार लिटर पाणी. उकिरड्याखालून ओढ्याकडे जाणारा तो तपकिरी ओघळ सगळ्यांनीच पाहिला असेल. पालाश आणि नत्र त्याच रंगात निघून जातात. मागे राहतो तो काळा, हलका चोथा. तो मातीला भुसभुशीतपणा देतो, पण पिकाला त्यातून फार थोडं मिळतं. म्हणून खत करायचं तर आधी छप्पर. चार मेढी, वर जुने पत्रे किंवा ताडपत्री, आणि बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून भोवती चर.

ढीग रचायचा कधी आणि कसा

भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, तेव्हा ओढ्याला पाणी असतं. मार्चनंतर ढिगाला पाणी कुठून आणायचं हा प्रश्न पडतो. म्हणून ढीग नोव्हेंबर-डिसेंबरातच लागला पाहिजे. शिराळ्यात मे महिन्यात धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरणी होते, तिथे तर खत मेच्या सुरुवातीलाच हाताशी तयार हवं. लावणीच्या भागात थोडी सवड मिळते.

ढीग पाच-सहा फूट रुंद आणि चार-पाच फूट उंच असावा, लांबी कचरा असेल तेवढी. तीन फुटांपेक्षा ठेंगणा ढीग तापत नाही. वीतभर काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर पाटीभर जुनं खत किंवा माती आणि मिळेल तेवढा हिरवा पाला, असे थर एकावर एक चढवायचे. पेंढा कुट्टी मशीनमधून काढला तर निम्मं काम तिथेच होतं. हिरव्या पाल्यात गिरीपुष्पाला तोड नाही. त्यातलं कार्बन-नत्राचं प्रमाण १२ ते १५ ला एक असतं, त्यामुळे पेंढ्याचं कोरडेपण तो भरून काढतो. बांधावर कुपाटीसारखी त्याची फाटी लावली की दरवर्षी छाटणी मिळते. शेण कमी असेल तर उसाच्या पाचटासाठी जी शिफारस आहे तीच इथे आधाराला घेता येते. टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू.

मूठभर कचरा घट्ट पिळावा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब जमला तर ओल बरोबर आहे. पाणी गळायला लागलं तर हवा कोंडेल, हात कोरडाच राहिला तर जिवाणू उपाशी राहतील. आठवड्याभराने ढिगाच्या मधोमध पहार खुपसून दहा मिनिटं ठेवावी. बाहेर काढल्यावर तिचं टोक हातात धरवत नसेल, तर आतलं तापमान ५५ अंशांच्या वर गेलं असं धरायला हरकत नाही. ही ऊब फार कामाची. तणाचं बी तिने मरतं आणि पेंढ्यावर टिकून राहणारी करप्याची बुरशीही. कडेचा कचरा आत जावा आणि आत हवा मिळावी म्हणून तीन-चार आठवड्यांनी पलटी मारावी, नंतर आणखी एकदा. तीन-चार महिन्यांत काडी ओळखू येईनाशी होते, रंग काळपट होतो आणि पहिल्या पावसातल्या मातीचा वास येऊ लागतो.

खत पिकलं की नाही याची शंका असेल तर थोडं ओलं खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावं. उघडल्यावर आंबूस किंवा कुजका वास आला तर खत कच्चं आहे. पाण्याखाली ते तोच उद्योग करणार.

ज्यांना ढीग लावणं जमत नाही त्यांनी निदान धसकटं आणि उरलेली काडी कापणीनंतर लगेच, रानात वाफसा (नांगरण्याजोगी ओल) असतानाच नांगरून घ्यावी. तिला कुजायला हिवाळा-उन्हाळा मिळतो आणि धसकटात दडलेल्या खोडकिड्याच्या अळ्याही उघड्या पडतात. जूनमध्ये गाडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

पेंढा किंवा काडी जाळून टाकणं मात्र कुठल्याच हिशेबात बसत नाही. नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं. पालाश राखेत उरतो खरा, पण उतारावरची राख पहिल्या वळवाबरोबर खाली जाते. तरव्यासाठी, म्हणजे रोपवाटिकेसाठी, राब भाजण्यामागे (त्या जागेवर पालापाचोळा जाळण्यामागे) कारण होतं, तणाचं बी मरतं आणि रोप जोमदार येतं. तेच काम गादीवाफा आणि तुसाची काळी राख यांनी होतं. तूस अर्धवट, हवा कोंडून जाळावं. काळी राख हवी, पांढरी नको.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत पहिलं सूत्र भाताच्या अवशेषांच्या पुनर्वापराचं आहे. तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा पहिल्या नांगरणीच्या वेळी खाचरात. दुसरं सूत्र गिरीपुष्पाच्या पाल्याचं, तिसरं ठरावीक अंतरावरच्या नियंत्रित लावणीचं आणि चौथं चार चुडांच्या मध्ये खोल खोचायच्या युरिया-डीएपी ब्रिकेटचं, म्हणजे खताच्या दाबून केलेल्या गोळीचं. लोकांनी ब्रिकेट उचलली, कारण तिचा परिणाम त्याच हंगामात डोळ्यांना दिसतो. पहिली दोन सूत्रं बहुतेक ठिकाणी मागे पडली. जमीन मात्र सांभाळली जाते ती त्या दोन सूत्रांनीच.

किती घालायचं, आणि काय अपेक्षा धरायची

एकरी चार टन, म्हणजे गुंठ्याला १०० किलो. चार-पाच भरगच्च पाट्या. पसरल्यावर उन्हात उघडं ठेवू नये, त्याच दिवशी कुळवून किंवा पॉवर टिलरने मातीत मिसळावं.

भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद आणि ५० पालाश ही नेहमीची शिफारस. एकराला ती ४०, २० आणि २० होते. चार टन चांगल्या खतात साधारण ३० ते ४० किलो नत्र असतं, पण पहिल्या हंगामात त्यातलं चौथाई ते तिसरा हिस्साच पिकाला मिळतं. बाकीचं पुढच्या वर्षांत हळूहळू सुटतं. म्हणून पहिल्याच वर्षी युरिया एकदम बंद करू नये. पालाशाची गोष्ट वेगळी, तो बहुतेक लगेच मिळतो. माती परीक्षण पाहून आधी पोटॅश कमी करावं, युरिया दोन-तीन वर्षांत पायरीपायरीने.

सेंद्रिय कर्बाबाबत, म्हणजे मातीत साठलेल्या कार्बनबाबत, तर आणखी धीर धरावा लागतो. एका एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात सुमारे ८ लाख किलो माती असते. तिचा कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर ८०० किलो कार्बन मातीत टिकला पाहिजे. चार टन खतातून ६०० किलोच्या आसपास कार्बन जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त जिवाणू वर्षभरात खाऊन हवेत सोडतात. एका हंगामात कर्ब वाढवून दाखवतो म्हणणाऱ्या बाटल्या-पुड्यांवर विश्वास ठेवताना एवढं गणित तरी करावं. जमेची बाजू अशी की पाण्याखाली कार्बन सावकाश जळतो. त्यामुळे खाचराची माती माळरानापेक्षा तो जास्त राखते.

घाटाकडच्या जांभ्या मातीत कधी कधी अहवालात कर्ब चांगला दिसतो आणि तरी भात खुरटं राहतं. तिथे स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसलेलं असतं. कुजलेल्या खतातली आम्लं त्यातलं काही मोकळं करतात, बाकीचं सुपर फॉस्फेटने भागवावं लागतं. सुपर फॉस्फेट खतात मिसळून दिलं तर ते मातीला कमी चिकटतं. भरपूर सेंद्रिय खत आणि सतत उभं पाणी असलेल्या खाचरात जस्तही कमी पडू शकतं, म्हणून माती तपासताना जस्ताचा आकडाही मागून घ्यावा.

ऊस पट्ट्यातून प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ) आणता येतं का, असं पुष्कळजण विचारतात. आणता येतं, पण ताजं प्रेसमड स्वतःच तापत असतं. ते काडीकचऱ्याच्या ढिगात थर म्हणून घालावं, थेट खाचरात नको. पाचट मात्र कराड-वाळव्याच्या उसातच राहू द्यावं. ट्रॉलीत मावतं थोडं, भाडं लागतं फार, आणि त्या जमिनींनाही त्याची गरज आहे.

मिथेनचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट जोरकस आहे. पाणी भरण्याच्या तोंडावर गाडलेला कच्चा पेंढा तो वाढवतो. तोच पेंढा महिन्याहून आधी गाडला तर मिथेन बराच कमी सुटतो, आणि कुजवून घातला तर आणखी कमी. रोपाला जे सोसवत नाही तेच हवेलाही सोसवत नाही. त्यामुळे हवेसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

फायदा सगळ्यात आधी दिसतो तो मात्र भातानंतर. चिखलणीने मातीची घडण मोडते आणि पाणी ओसरलं की खाचर विटेसारखं टणक होतं, कुळव लागत नाही. म्हणून पुष्कळ खाचरं जूनपर्यंत पडून राहतात. दरवर्षी कुजलेलं खत मिळालेली माती वाळताना बारीक फुटते आणि ओल धरून ठेवते. कापणीनंतर त्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा किंवा पावटा घेता येतो. त्याचा पाला आणि फोलपटं फेब्रुवारीत ढिगाच्या दुसऱ्या पलटीत घालावीत. त्यांत नत्र पेंढ्यापेक्षा जास्त असतं.